शेव्हेल विकायचीय, जाहिरातीत 'एसएस' लिहू का?

प्रश्न : नमस्कार काका, मी ओहायोत राहतो, कोलंबसजवळ. माझ्याकडे १९६९ ची शेव्हेल आहे, शेव्हरोलेची. अकरा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या बार्नमधून आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहायच्या, खरंच सांगतो. सहा वर्षं शनिवार-रविवार घालवून मित्राबरोबर फ्रेम-ऑफ (बॉडी फ्रेमवरून उतरवून) रिस्टोर केली, ३९६ इंजिन, फोर स्पीड, काळे पट्टे, एसएसचे म्हणजे सुपर स्पोर्टचे बॅज, सगळं आहे. आता मुलगी कॉलेजला निघालीय आणि गॅरेजही रिकामं हवंय. पावत्या जोडल्या तर ६२ हजार डॉलर गेलेत, ७५ ला टाकू म्हणतोय. डीलर नको, ऑक्शन नको, स्वतःच विकायचीय. जुने कागद मात्र काहीच नाहीत, आधीचा मालक 'ओरिजिनल एसएस आहे' म्हणायचा एवढंच. काय काय बघू?

उत्तर : कोंबड्यांचा फोटो असेल तर आधी तो शोधा, मस्करी नाही करत. ज्याला या गाड्या कळतात तो पेंटकडे दोन मिनिटं बघतो आणि मग पेंटच्या आत काय आहे ते विचारत बसतो, तेव्हा उघड्या पत्र्याचे, फ्रेमचे, कापून नवीन घातलेल्या ट्रंक फ्लोअरचे फोटो समोर ठेवले की निम्मं बोलणं तिथेच संपतं.

आता एसएसचं. १९६६ ते ६८ पर्यंत सोपं होतं, एसएस ३९६ चा व्हीआयएनच, म्हणजे गाडीचा फॅक्टरी नंबर, १३८ ने सुरू व्हायचा, नंबर वाचला की विषय संपला. १९६९ ला शेव्हरोलेने एसएस हे वेगळं मॉडेल न ठेवता ऑप्शन पॅकेज करून टाकलं, झेड२५ नावाचं, त्यामुळे तुमचा नंबर १३६३७ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ शेव्हेलचं व्ही-८ मालिबू मॉडेल, टू-डोर हार्डटॉप, बस्स. एसएस होती की नव्हती ते नंबर सांगतच नाही. आणि बॅज, पट्टे, हूड सगळं कॅटलॉगमधून मिळतं, तुम्हीही त्यातलं बरंच तिथूनच मागवलं असणार! म्हणून ६९ च्या शेव्हेलमध्ये क्लोन, म्हणजे एसएसचे पार्ट लावून एसएससारख्या केलेल्या गाड्या, चिक्कार आहेत आणि घेणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

पुरावा म्हणजे बिल्ड शीट. फॅक्टरीत गाडी बनताना कामगारांना कुठला पार्ट लावायचा ते सांगणारा कागद, तो कधी पेट्रोलच्या टाकीवर तर कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो. टाकी उतरवली तेव्हा वरती पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला काही कागद होता का, मित्राला विचारून बघा, लोक कचरा समजून फेकतात आणि नंतर कपाळाला हात लावतात. किंवा जुन्या वॉरंटी बुकातली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी, किंवा पहिल्या डीलरचा विंडो स्टिकर. पॉन्टिअॅकवाल्यांचं बरं असतं, त्यांना पीएचएस म्हणजे पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून फॅक्टरीचे कागद मागवता येतात, १९६७ पासूनच्या फोर्डवाल्यांना तसाच मार्टी रिपोर्ट मिळतो, शेव्हरोलेवाले मात्र टाकीवर हात फिरवत बसतात.

काहीच सापडलं नाही तर जाहिरातीत सरळ लिहा, '१९६९ मालिबू, ३९६ इंजिन, एसएसचे पार्ट्स लावलेत, मूळ एसएस असल्याचा कागद नाही'. ट्रिब्यूट, म्हणजे एसएससारखी बनवलेली, हा शब्द चालतो. भाव पडेल, पडू दे. आधीचा मालक काय म्हणायचा हे तोंडी सांगा हवं तर, पण लेखी तुमच्या नावावर जाऊ देऊ नका, उद्या घेणाऱ्याने वकील गाठला तर तो शेतकरी तुमच्या बाजूने उभा राहायला येणार नाहीये.

हे मी अक्कलखाती पैसे घालून शिकलोय. माझी ६९ ची कमारो मी 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळचं, असं लिहून टाकली होती, कारण मला विकणाऱ्याने तसं सांगितलेलं आणि मीही कधी वाकून बघितलं नाही. एक म्हातारा आला, फारसं बोलला नाही, टॉर्च, चिंधी आणि ब्रेक क्लीनरचा कॅन घेऊनच आलेला, पॅसेंजरकडच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर जो छोटा सपाट पॅड असतो तो त्याने पुसला आणि मला म्हणाला ये बघ. तिथले शेवटचे आकडे माझ्या व्हीआयएनशी जुळतच नव्हते, इंजिन दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं. तो ओरडला नाही, भांडला नाही, चिंधी घडी करून खिशात घातली आणि गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तेव्हा तुम्ही आधीच तो पॅड पुसून फोटो काढून ठेवा, काही इंजिनांवर आकडे ऑईल फिल्टरजवळही असतात, तिथेही बघा. आकडे जुळत नसतील तर तसंही लिहा. नंबर घासून परत ठोकून देणारे लोक असतात, त्यांच्या नादाला लागू नका, फॅक्टरीत त्या पॅडवर मशीनच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात, त्या गेल्या की जाणकाराला लगेच कळतं.

७५ हजारांचं म्हणाल तर तुम्ही घातलेले पैसे आणि येणारे पैसे यांचा संबंध फारसा नसतो, शनिवार-रविवारचे तर कोणी एक डॉलरही देत नाही. जाहिरातीतले मागितलेले भाव बघू नका, विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव बघा, ब्रिंग अ ट्रेलर आणि मेकमच्या ऑक्शनचे जुने निकाल वाचायला मिळतात. हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीच्या भावाच्या यादीत गाडीला १ ते ४ नंबर देतात, १ म्हणजे शोमध्ये ठेवायची, ४ म्हणजे चालते एवढंच. प्रत्येकाला आपली २ ची वाटते, घरी केलेली रिस्टोर बहुतेक वेळा ३ ची निघते. (आपल्याकडे दोन नंबरचं म्हटलं की लोक आवाज खाली करतात, इथे छाती फुगवतात.) त्या यादीत एसएसचा भाव न बघता मालिबूचा बघा, कागद मिळाले तर गोष्ट वेगळी.

कागदाचं काम ओहायोत सोपं आहे पण घाई करू नका. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, त्याच्या मागच्या बाजूला सही नोटरीसमोरच करायची, घरी आधी करून ठेवायची नाही. काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसातच घेणाऱ्याला भेटलात तर सगळं एका खिडकीत होतं. किमतीच्या रकान्यात घेणारा म्हणेल थोडी कमी लिहा, टॅक्स वाचेल, नाही लिहायची, ते शपथेवर असतं. नंबर प्लेट काढून घ्या, ती तुमची. इन्शुरन्स टायटल बदलल्यावर बंद करा, त्याआधी नाही. आणि पावत्यांची फाईल घेणाऱ्याला देण्याआधी सगळ्यांची कॉपी काढून ठेवा, चुकून फायदा झालाच तर आयआरएसला (टॅक्स खात्याला) खर्च दाखवायला तीच लागते.

प्रश्न : काका, माझ्या यजमानांची ६८ ची मस्टँग आहे, आम्ही टेक्सासला असतो. एकाने फोटो बघूनच पूर्ण किंमत कबूल केली, गाडी बघायलाही येत नाहीये, म्हणतो कॅशिअर्स चेक (बँकेनेच बनवून दिलेला) पाठवतो आणि ट्रकवाला येऊन घेऊन जाईल. चेक किमतीपेक्षा ३ हजारांनी जास्त असेल, ते वरचे पैसे ट्रकवाल्याला द्यायचे म्हणे. यांना बरं वाटतंय, मला धाकधूक होतेय.

उत्तर : ताई, धाकधूक अगदी बरोबर आहे, हा जुनाच डाव आहे. बँक कॅशिअर्स चेकचे पैसे एक-दोन दिवसांत खात्यात दाखवते, पण चेक खोटा आहे हे कळायला कधी कधी आठवडे जातात आणि मग बँक ती रक्कम तुमच्याकडूनच वसूल करते, तोवर तुमचे खरे ३ हजार ट्रकवाल्याच्या नावाने गेलेले असतात, कधी गाडीही. खरा गिऱ्हाईक असेल तर वायर ट्रान्सफर करेल, आणि पैसे आले का ते त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर बघू नका, तुमच्या बँकेला तुम्हाला माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. माणूस समोर असेल तर त्याच्याच बँकेत जाऊन टेलरने चेक बनवताना बघा. कोणी रोख आणली तर १० हजारांच्या वर बँक सरकारला एक रिपोर्ट पाठवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तो रिपोर्ट टाळायला थोडे थोडे करून भरलेत तर तो मात्र गुन्हा धरतात. यजमानांना हे वाचायला द्या.

प्रश्न : गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू का? थंडीत माझी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही.

उत्तर : नका ठेवू. आल्या आल्या तो हूडवर तळहात ठेवेल आणि गरम लागलं की काहीतरी लपवताय असंच धरून चालेल. कार्ब्युरेटरची गाडी आहे, त्याच्यासमोर पॅडल दोनदा दाबून चोक लावा आणि किल्ली फिरवा, दुसऱ्या झटक्यात लागली तरी जुन्या गाडीवाला काही मनाला लावून घेत नाही. तिसऱ्यातही नाही लागली तर आधी चोक ॲडजस्ट करून घ्या, मग गिऱ्हाईक बोलवा.