कॅल्क्युलेटर नाही, हीच खूण

तू नववीत आहेस, आयओक्यूएमला (गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेला) बसायचं म्हणतेस, आणि भीती आकडेमोडीची. ३ तास, ३० प्रश्न, प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणजे राक्षसी गुणाकार करायला लावणारा प्रश्न सहसा नसतोच. तसा दिसला तर हात आवर आणि वाट शोध.

२०२७² − २०२३² घे. वर्ग करत बसू नकोस. (अ−ब)(अ+ब) म्हणजे ४ × ४०५०, १६२००. किंवा ७ चा २०२६ वा घात, शेवटचे दोन अंक काय? ७⁴ = २४०१, शेवटी ०१. म्हणजे दर चार घातांनी तेच अंक फिरून येतात. २०२६ ला ४ ने भागून बाकी २, म्हणजे शेवटचे अंक ७² चेच, उत्तर ४९. या ‘बाकी’च्या गणितावर सगळ्यात जास्त वेळ दे, तिथे खरी मजा आहे.

पाढे ३० पर्यंत, वर्गही तेवढेच, १०० पर्यंतच्या मूळसंख्या. ते ठाणे-वाशी लोकलमध्ये कर, टेबलावर बसून नको. (बसायला जागा मिळाली तर कागदही काढ.)

ताळा नऊने घे, म्हणजे उत्तर पडताळून बघ: ४७ × ५३ = २४९१; एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलीस की ४७ चे २, ५३ चे ८, गुणाकार १६ म्हणजे ७, आणि २४९१ चेही ७. पण अंकांची अदलाबदल यात सापडत नाही, २९४१ लिहिलंस तरी ७ च येतात. म्हणून शेवटचा अंक वेगळा तपास, आणि अंदाजही घे: ५० × ५० म्हणजे २५००, मग २९४१ कसे?