'सर्वसूखी'तला 'सू' दीर्घ का?

विचारणा अशी: मनाच्या श्लोकांत 'जनी सर्वसूखी' असं छापतात, तो दीर्घ 'सू' मुद्रणदोष आहे का? आणि श्लोकाचा भाव उदास म्हणायचा का?

जनी सर्वसूखी असा कोण आहे।
विचारे मना तूंचि शोधूनि पाहे॥
मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले।
तयासारिखे भोगणे प्राप्त झाले॥

मुद्रणदोष मुळीच नाही. रामदासांचे हे 205 श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ओळीत 12 अक्षरं, लघु-गुरू-गुरू असा तीन अक्षरांचा 'य' गण चारदा. जनीसर्-वसूखी-असाको-णआहे. 'सु' ऱ्हस्व केला की 'वसुखी' हा 'स' गण (लघु-लघु-गुरू) होतो आणि म्हणताना ठेच लागते. 'संचित'चं 'संचीत' झालं तेही त्यासाठीच. वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची ही मोकळीक मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन-नियमांतही आहे. शिवाय केशवसुतांपूर्वीचं पद्य मुळाबरहुकूम छापावं, असंही ते नियम सांगतात. तेव्हा मुद्रितशोधकांनी इथं हात आवरावा.

आता भाव. या वृत्तात ओळीच्या मधोमध थांबायची सक्ती नाही, तरी पहिली ओळ सहा अक्षरांवर स्वच्छ दुभंगते: जनी सर्वसूखी, असा कोण आहे. पुढच्या तिन्ही ओळींत सहावं अक्षर शब्दाच्या पोटात पडतं (तूं-चि, पूर्-व, भो-गणे), त्यामुळे तिथं दम घेता येत नाही. प्रश्न सुटा उभा राहतो आणि नंतरचं सगळं सलग अंगावर येतं. प्रश्न 'जनी' विचारलेला, पण रोख लगेच 'मना'कडे वळतो. 'तूंचि', 'त्वांचि': दोन्हीकडे तो 'चि' बोट रोखून. यमकही पाहा, 'केले' आणि 'झाले'. करणारा तू, भोग आपसूक आलेला. कर्मविपाकाचा, म्हणजे केल्या कर्माचं फळ भोगावंच लागतं हा, अख्खा सिद्धांत समर्थांनी दोन क्रियापदांवर तोलला आहे!

म्हणून मी याला उदास म्हणणार नाही. ही उलटतपासणी आहे. हाच श्लोक संथ, विलंबित चालीत आळवला तर तो करुण वाटतो, पण ते चालीचं देणं. लगेच पुढचा श्लोक 'मना मानसी दुःख आणू नको रे' असं बजावतोच. त्यातच 'विवेके देहेबुद्धि' आहे. तिथं प्रकार नेमका उलटा: लिहिताना 'दे' दीर्घ, पण वृत्तात बसवायचा तर म्हणताना तो लघुच करावा लागतो.