डॉक्टर, आधी पेन खणात ठेवा

डॉक्टर, निवृत्तीबद्दल अभिनंदन! आता तुम्हालाही कोचिंग करायचंय, म्हणजे प्रश्न विचारून समोरच्याला त्याचा मार्ग त्यालाच शोधू द्यायचा. मी सात वर्षांपूर्वी टिळकवाडीतला दवाखाना बंद करून कोचिंगकडे वळलो. (कोचिंग म्हटलं की आपल्या बेळगावात लोक दहावीच्या क्लासची फी विचारतात, तयारी ठेवा.)

सगळ्यात अवघड गोष्ट आधी सांगतो: सल्ला देऊ नका. १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. आपणही त्यातलेच. माझ्याकडे पहिल्यांदा निपाणीचे एक व्यापारी आले. वजनाचा विषय निघाला आणि मी दोन मिनिटांत आहाराचा तक्ता लिहून दिला. ते नमस्कार करून गेले ते गेलेच. आता पेन खणात असतं. "तुम्हाला काय हवंय?" एवढं विचारतो आणि गप्प बसतो. समोरचा कानडीत विचार करत असेल तर उत्तर कानडीतच येऊ द्या.

बाकी थोडक्यात:

- "जरा बीपी बघता का?" याला नम्र नकार. आजाराची शंका आली तर त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.
- ओळखीच्यांनाही फी सांगा, थोडी का असेना. फुकटात कोणी वेळेवर येत नाही.
- आठवड्याला दोनच माणसं. डायरी भरली की पुन्हा ओपीडीच सुरू.

उरलेला वेळ छंदाला. मी पेटी शिकतोय. कुमार गंधर्व जवळच्या सुळेभावीत जन्मले, पण गाणं इथल्या पाण्यातून येत नाही हे माझ्या शेजाऱ्यांना पुरतं पटलंय.

सर्टिफिकेटं, वेबसाइट वगैरे सहा महिन्यांनी बघू. रविवारी सकाळी मी येळ्ळूरच्या राजहंसगडावर असतो, या.