आतडी चिकटण्याची धास्ती

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना टाक्यांपेक्षा एकच प्रश्न अधिक छळतो: आतल्या आत आतडी एकमेकांना चिकटली तर? फोंड्याच्या बाजूच्या एका ताईंनी, गर्भाशय काढल्यानंतर, या धास्तीने अंथरूणच धरले होते. "हललीस तर आतले चिकटेल," असे शेजारणीने सांगितल्यापासून त्या नुसत्या पेजेवर होत्या आणि खोकला आला की पोटाशी उशी धरून तो गिळत होत्या. उशी धरणे योग्यच होते. खोकला दाबणे मात्र नव्हे.

मी त्यांना समजावले की, पोटाच्या आतील नाजूक अस्तर कापले, घासले किंवा कोरडे पडले की त्यावर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर साचतो; शरीर तो बहुधा विरघळवते, पण जिथे तो उरतो तिथे त्याचे तंतुमय पट्टे बनतात. अस्तर साधारण ५ ते ७ दिवसांत भरून येते, म्हणजे बरेचसे त्याच काळात ठरून जाते. पोट उघडलेल्या बहुतेकांच्या आत असे थोडेफार पट्टे असतात आणि त्यांपैकी बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

हे टाळण्याचे खरे उपाय शस्त्रक्रियागृहातच होतात: शक्य असेल तिथे दुर्बिणीचा वापर, हलका हात, रक्तस्रावावर नीट नियंत्रण, पावडर नसलेले हातमोजे आणि काही वेळा आतल्या भागांमध्ये ठेवायचा, आपोआप विरघळणारा पडदा. त्यामुळे याविषयी सर्जनला विचारायचे ते शस्त्रक्रियेआधीच विचारावे, असे माझे आग्रहाचे सांगणे असते. घरी आलेल्या बाईच्या माथी हा दोष मारणे अन्यायाचे आहे.

चालल्याने पट्टे टळतातच असे मी म्हणत नाही. पण पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. "चवथीची कामे करू का?" या प्रश्नावर मी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत जड उचलू नका, असे सांगितले, मात्र तिथे भीती हर्नियाची असते, आतडी चिकटण्याची नव्हे. ताज्या टाक्यांवर तेल चोळून घेण्यासही मी मनाई केली.

पोटात कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, पोट फुगले आणि वारा किंवा शौच होईनासे झाले, तर ती आतड्यातील अडथळ्याची लक्षणे असू शकतात. हे वर्षांनंतरही घडू शकते. अशा वेळी घरगुती काढा न घेता थेट रुग्णालय गाठावे आणि आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत.