अमेरिकेच्या मिडटर्म निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवारांचे सल्लागार नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न असा आहे: मिडटर्ममध्ये रिपब्लिकन उमेदवार सल्लागारांवर एवढा पैसा खर्च करतात, तर हे सल्लागार करतात तरी काय? आपल्याकडे प्रशांत किशोर करायचे तेच का? आणि इथे राहणाऱ्या भारतीयाला या क्षेत्रात शिरता येतं का?

मी व्हर्जिनियात राहते आणि रिपब्लिकन उमेदवारांच्या प्रचारासाठी मतदारयाद्यांवर काम करते. टीव्हीवरच्या चर्चेत दिसणारे सल्लागार वेगळे, आम्ही आतल्या खोलीतली माणसं. त्यामुळे माझं उत्तर यादीपासूनच सुरू होतं.

मिडटर्म म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, ठरलेल्या तारखेला होणारी निवडणूक. हाऊसच्या (अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) साधारण एक तृतीयांश आणि ३६ राज्यांचे गव्हर्नर यात निवडले जातात. राष्ट्राध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं, म्हणून बरेच लोक फिरकतच नाहीत. २०२० मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी मत दिलं होतं. २०१४ च्या मिडटर्ममध्ये हा आकडा ३७ टक्क्यांच्याही खाली होता. २०१८ ला तो ५० च्या आसपास गेला, तर शंभर वर्षांतलं सगळ्यात जास्त मिडटर्म मतदान म्हणून त्याचं कौतुक झालं. म्हणजे खरा प्रश्न कोण कुणाला मत देतं यापेक्षा कोण घराबाहेर पडतं हा असतो.

पूर्वी हे रिपब्लिकन उमेदवाराच्या पथ्यावर पडायचं. वयस्कर, घरमालक, उपनगरात राहणारा, शिकलेला मतदार न चुकता मत द्यायचा आणि त्यातले बरेच आमचे असायचे. १९९४ ला हाऊसमध्ये ५४ आणि २०१० ला ६३ जागा वाढल्या, त्यामागे हे गणित होतं. ट्रम्प आल्यापासून ते उलटं झालं. पदवीधर उपनगरवासी डेमोक्रॅट पक्षाकडे सरकले आणि मजूर, कारागीर, ट्रकचालक असा, चार वर्षांतून एकदाच मत देणारा वर्ग आमच्याकडे आला. नेमका हाच वर्ग मिडटर्मला घरी बसतो. आज आमच्या बाजूच्या कुठल्याही सल्लागाराची झोप उडवणारी गोष्ट कुठली, तर ही.

यादीतली एक ओळ कशी दिसते ते उदाहरणादाखल सांगते. शेनांडोआ खोऱ्यातल्या लहान गावातला ५४ वर्षांचा माणूस. २०१६, २०२०, २०२४ ला मत दिलेलं. २०१८ आणि २०२२ ला गैरहजर. व्हर्जिनियात मतदारनोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही, त्यामुळे तो कुणाचा आहे हे यादीत कुठेच नसतं. आम्ही ते अंदाजाने काढतो: कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत दिलं, शिकारीचा परवाना आहे का, कुठली मासिकं घरी येतात, शिवाय बाजारात विकत मिळणारी इतर माहिती. त्यातून दोन गुण निघतात. आमच्या उमेदवाराला पसंती १०० पैकी ९१, मत द्यायला येण्याची शक्यता ३४. या माणसाचं मन वळवायला एक डॉलरही खर्च करायची गरज नाही. त्याला फक्त केंद्रापर्यंत आणायचं आहे.

दुसरी ओळ वॉशिंग्टनजवळच्या लाउडन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) ४६ वर्षांच्या बाईची. प्रत्येक निवडणुकीत हजर, म्हणजे येण्याची शक्यता ९७. पसंती ४८. ती नक्की येणार आहे, कुणाला मत देईल एवढंच ठरायचं आहे.

पहिल्याला पेटवणारा मुद्दा दुसरीला दूर ढकलतो आणि दुसरीला पटणारी भाषा पहिल्याला मिळमिळीत वाटते. एकाच उमेदवाराने एकाच तोंडाने या दोघांशी खोटं न बोलता कसं बोलायचं, हे ठरवणं म्हणजे सल्लागाराचं काम. बाकी सगळं, जाहिराती, पत्रकं, सभा, त्याच्या मागून येतं.

हे ज्याला साधलं त्याचं उदाहरण म्हणून मी नेहमी २०२२ चा जॉर्जिया सांगते. गव्हर्नर ब्रायन केम्प आणि सिनेटचे उमेदवार हर्शेल वॉकर, दोघे एकाच पक्षाचे, एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर. केम्प यांना २१ लाखांहून जास्त मतं पडली, वॉकर यांना १९ लाखांच्या आसपास. म्हणजे दोन लाख लोकांनी केम्पवर खूण केली आणि सिनेटच्या रकान्यात वॉकरना वगळलं. केम्प निवांत जिंकले, वॉकर डिसेंबरच्या फेरमतदानात सुमारे एक लाख मतांनी हरले. केम्प काही मवाळ नव्हते. गर्भपातावर कडक निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर त्यांचीच सही होती. पण ट्रम्प हरल्याचा २०२० चा निकाल उलटवायला त्यांनी नकार दिला होता, आणि २०२२ च्या मार्चमध्ये राज्याचा पेट्रोलवरचा कर थांबवला होता. भाववाढीने बेजार झालेल्या माणसाला पंपावर ते दिसत होतं. कट्टर मतदाराला त्यांची धोरणं मान्य होती, लाउडनसारख्या उपनगरातल्या बाईला त्यांचा भरवसा वाटत होता.

ॲरिझोनात नेमकं याच्या उलट घडलं. गव्हर्नरपदाच्या आमच्या उमेदवार कॅरी लेक यांनी शेवटच्या दिवसांत भर सभेत जॉन मॅकेन यांना मानणाऱ्या रिपब्लिकनांना चालते व्हायला सांगितलं. मॅकेन त्या राज्याचे तीन दशकांचे सिनेटर. लेक सुमारे १७ हजार मतांनी हरल्या. जे मत आधीपासून आपलं आहे त्याला हाकलून लावायचं, यासारखा करंटेपणा नाही, आणि मला त्याचा अजून राग येतो.

आता निवडणूक कशाबद्दल आहे हे ठरवण्याचा भाग. राष्ट्राध्यक्षांचा पक्ष मिडटर्ममध्ये सहसा हाऊसच्या जागा गमावतो. १९३४, १९९८ आणि २००२ हे अपवाद. त्यामुळे समोरचा पक्ष सत्तेत असेल तर आमच्या उमेदवाराने एकच करायचं, निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या कारभारावरचा कौल होऊ द्यायची. हाऊसमधले रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांनी १९९४ च्या सप्टेंबरमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, पायऱ्यांवर उमेदवार उभे करून मतदारांशी दहा कलमी करार जाहीर केला. त्यातला शब्दन् शब्द जनमत चाचणीवाल्या फ्रँक लंट्झ यांच्या मदतीने तपासून घेतला होता. लोकांमध्ये फूट पाडणारे, उदाहरणार्थ गर्भपातासारखे, विषय त्यात जाणीवपूर्वक घेतले नव्हते. आमच्याकडची शिस्त म्हणजे काय, ते त्या कागदात दिसतं.

२०२२ ला तीच शिस्त मोडली. जूनमध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर होती, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. बायडन यांची लोकप्रियता घसरलेली. हाऊसमध्ये लाट यायला हवी होती, मिळाल्या २२२ जागा, बहुमताला लागतात २१८. त्याच जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये कॅन्ससने, पक्क्या रिपब्लिकन कॅन्ससने, गर्भपाताचा हक्क काढून घेणारी घटनादुरुस्ती सुमारे ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी फेटाळली. तरीही कित्येक उमेदवारांच्या सल्लागारांनी ‘या विषयावर बोलूच नका’ असं सांगितलं. गप्प बसलेल्या उमेदवाराच्या वतीने मग समोरचा पक्ष बोलतो, आणि तो तुमची भूमिका तुमच्याइतक्या प्रेमाने मांडत नाही.

पैशाबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सगळ्यांना वाटतं सुपर पॅककडे (उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकणाऱ्या गटाकडे) अमाप पैसा आहे म्हणजे झालं. कायद्याने निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस टीव्ही वाहिनीने उमेदवाराला सगळ्यात कमी दराने जाहिरातीची वेळ द्यावी लागते. सुपर पॅकला ही सवलत नाही. त्याच तीस सेकंदांसाठी त्याला कितीतरी जास्त, कधी कधी काही पट पैसे मोजावे लागतात. २०२२ ला आमच्या सिनेटच्या अनेक उमेदवारांनी स्वतः निधी गोळा करण्याकडे दुर्लक्ष केलं. ओहायोसारख्या आमच्याकडे झुकलेल्या राज्यात जे. डी. व्हान्स यांना वाचवायला सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्या गटाशी जोडलेल्या सुपर पॅकला सुमारे तीन कोटी डॉलर ओतावे लागले, आणि ॲरिझोनातल्या आपल्या जाहिराती त्याने रद्द केल्या. म्हणून शहाणा सल्लागार उमेदवाराला पहिल्या दिवसापासून फोनवर बसवतो. रोज काही तास देणगीदारांना फोन. उमेदवारांना हे काम मनापासून नकोसं असतं, आणि त्याला पर्याय नाही.

कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीत छोट्या देणगीदारांची यादी हे शस्त्र तर फार जुनं आहे. १९६४ ला राष्ट्राध्यक्षपदाचे आमचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर सपाटून हरले, तेव्हा त्यांना ५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांची नावं हाऊसच्या क्लार्कच्या कचेरीत नोंदलेली होती. रिचर्ड व्हिगरी या तरुणाने ती सुमारे साडेबारा हजार नावं हाताने उतरवून घेतली आणि त्या यादीवर टपालाने निधी गोळा करण्याचा धंदा उभा केला. आज मी संगणकावर करते ते काम त्या वहीतूनच आलं आहे, असं मला वाटतं.

उमेदवार आणि सुपर पॅक यांनी जाहिरातींबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम आहे. त्यावरची पळवाट २०१४ ला मॅकॉनेल यांच्या प्रचाराने सगळ्या जगाला दाखवली. सुमारे अडीच मिनिटांचं, संवाद नसलेलं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं: मॅकॉनेल टेबलाशी बसून हसताहेत, सही करताहेत, पत्नीसोबत बसलेत. ज्या सुपर पॅकला हवं त्याने ते उचलून आपल्या जाहिरातीत वापरावं. लोकांनी थट्टा केली, पण पद्धत रूढ झाली. २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने घरोघरी जाण्याच्या प्रचारात मात्र उमेदवाराला बाहेरच्या गटांशी संगनमत करायची मुभा दिली, आणि आमच्या कामात त्याने फार मोठा फरक पडला. यादी आमची, चालणारे पाय त्यांचे.

विरोधी उमेदवाराच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा मुलगा हीसुद्धा सल्लागाराने ठेवलेली व्यवस्था असते. आमच्या व्हर्जिनियात २००६ च्या मिडटर्ममध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन यांच्या सभेत डेमोक्रॅट उमेदवाराकडून आलेला विशीतला भारतीय वंशाचा विद्यार्थी चित्रीकरण करत होता. ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून ‘मकाका’ हा वंशद्वेषी मानला गेलेला शब्द वापरला आणि अमेरिकेत स्वागत असो असं सुनावलं. तो मुलगा व्हर्जिनियातच वाढलेला. ॲलन नऊ हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि सिनेटची सत्ता हातची गेली. मी नव्या उमेदवाराला हे सांगते तेव्हा कॅमेऱ्यापासून सावध राहा एवढंच सांगत नाही. समोरचा माणूस या देशाचा आहे असं मनापासून मानत नसाल तर उभेच राहू नका, हेही सांगते.

प्रशांत किशोर यांच्याशी तुलना करायची तर यादी, सर्वेक्षण, मुद्द्यांची चाचणी हे सारखंच. पन्नाप्रमुखाकडे मतदारयादीचं एक पान असतं, तसंच आमच्या स्वयंसेवकाच्या फोनवर तीस-चाळीस दारं असतात. आपल्याकडचा कार्यकर्ता दुपारी बूथवर बसून कोण आलं नाही यावर खुणा करतो, तेच इथला कार्यकर्ता आठवडे आधीपासून करतो, कारण व्हर्जिनियात ४५ दिवस आधी मतदान सुरू होतं आणि कोणी मत दिलं ते प्रचारवाल्यांना कळतं. ज्याने दिलं त्याचं नाव खोडायचं, पैसा आणि वेळ उरलेल्यांवर लावायचा. म्हणूनच २०२० नंतर आमच्याच नेत्यांनी लवकर मत देऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही डोकं धरून बसलो. २०२२ ला ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत मतदानाच्या दिवशी छपाईयंत्रं बिघडली, तेव्हा रांगेत अडकलेल्यांत आमचेच लोक जास्त होते.

मोठा फरक तिकिटाचा. इथे पक्षश्रेष्ठी तिकीट देत नाहीत, प्रायमरीचे मतदार देतात. २०१० ला डेलावेअरमध्ये माजी गव्हर्नर माइक कॅसल सिनेटची जागा जवळजवळ नक्की जिंकणार होते. प्रायमरीत त्यांना क्रिस्टीन ओडॉनेल यांनी हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये त्या सुमारे १७ टक्क्यांनी पडल्या. किशोर पक्षाच्या नेत्याला उमेदवार बदलायला सांगू शकायचे, इथला सल्लागार सांगणार कुणाला? शिवाय जाहिरातवाल्या सल्लागाराचं मानधन बहुधा जाहिरातींच्या खर्चावर टक्केवारीने ठरतं, पूर्वी १५ टक्के सर्रास. त्यामुळे घरोघरी जाण्यापेक्षा टीव्हीवर भर द्यावा असं सांगणाऱ्याचा हिशोब उमेदवाराने आधी तपासावा, हे माझं ठाम मत.

आता ३ नोव्हेंबर २०२६ च्या मिडटर्मबद्दल. राष्ट्राध्यक्ष आमचा, म्हणजे कौल आमच्यावर. ट्रम्प मतपत्रिकेवर नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्याच राज्यात गव्हर्नरपद सुमारे १५ टक्क्यांनी गेलं. टेक्ससने मतदारसंघांच्या सीमा बदलून काही जागा वाढवायचा मार्ग धरला, त्याला कॅलिफोर्नियाने लोकमत घेऊन तसंच उत्तर दिलं. मला विचाराल तर सीमा आखून मिळणाऱ्या जागांपेक्षा शेनांडोआतल्या त्या माणसाच्या दारावर त्याच्याच गावातला कुणी सप्टेंबरमध्ये दोनदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा गेला, तर जास्त फरक पडेल. आणि लाउडनमधल्या बाईला किराणा, घराचा हप्ता आणि शाळा याबद्दल आमच्या उमेदवाराने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायला हवं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ग्रीनकार्ड असेल तर काम करता येतं, देणगीही देता येते. एच-वन-बीवर असाल तर देणगी अजिबात द्यायची नाही, अगदी पंचवीस डॉलरसुद्धा, तो गुन्हा ठरू शकतो. पगाराशिवाय स्वयंसेवक म्हणून दारं ठोठावता येतात, फोन करता येतात, मात्र प्रचाराचे निर्णय घेण्यात भाग घ्यायचा नाही. सांख्यिकी येत असेल आणि अनोळखी दारावर उभं राहायची तयारी असेल, तर काउंटीच्या पक्ष समितीच्या मासिक बैठकीला जा. तिथे माणसं कायम कमी पडतात.