शेफिल्डच्या चार मुलांविषयी

प्रिय विद्यार्थिमित्रा,

'आर्क्टिक मंकीज' या ब्रिटिश बँडविषयीचा तुझा लेख दोनदा वाचला. एवढा गाजावाजा झालेल्या बँडमध्ये विशेष काही नसणारच, असे तू आरंभीच लिहितोस आणि पुढची दोन्ही पाने गाण्यांऐवजी त्या गाजावाज्यावरच खर्च करतोस. तुझा संशय मी समजू शकतो, कारण २००६ साली मलाही नेमके हेच वाटले होते.

त्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. तोवर तेथे कोणाचाही पहिला अल्बम इतक्या वेगाने खपला नव्हता. 'एनएमई' या संगीत-साप्ताहिकाने तर त्याच महिन्यात सर्वकालीन श्रेष्ठ ब्रिटिश अल्बमांच्या यादीत त्याला पाचवे स्थान देऊन टाकले. ती यादी पाहून मी तो अल्बम न ऐकताच बाजूला ठेवला. ही माझी चूक होती. राग साप्ताहिकाच्या घाईचा होता आणि शिक्षा मी गाण्यांना दिली.

खरे तर हा गाजावाजा कोठून उठला, हे मी आधी पाहायला हवे होते. ही मुले आपल्या कार्यक्रमांत डेमो सीडी फुकट वाटत, ऐकणारे त्यातली गाणी इंटरनेटवरून एकमेकांना देत, आणि एकही अल्बम बाजारात नसताना श्रोते त्यांच्यासोबत शब्दन् शब्द गात असत. वर्तमानपत्रे या गर्दीच्या मागून आली. ऑक्टोबर २००५ मध्ये आलेल्या त्यांच्या क्रमांक एकच्या गाण्याच्या व्हिडिओत तर त्यांचा गायक अ‍ॅलेक्स टर्नर आरंभीच सांगतो की, या गाजावाज्यावर विश्वास ठेवू नका.

माझे मत पालटले ते अल्बममधल्या शेवटच्या गाण्याने, 'अ सर्टन रोमान्स'ने. मॅट हेल्डर्सच्या ड्रमच्या धडाक्याने ते सुरू होते आणि लगेच संथ, सैल लयीत उतरते. टर्नर आपल्याच गावातल्या पोरांविषयी गातो: त्यांचे रीबॉकचे बूट, मोज्यांत खोचलेल्या ट्रॅक पँट, भांडणाची खुमखुमी. प्रथम त्या स्वरात तुच्छता आहे. पण गाणे पुढे सरकते तसे त्याला आठवते की, यांतले काही आपलेच मित्र आहेत, तेही मर्यादा ओलांडतात, आणि तरी त्यांच्यावर तसे रागावणे आपल्याला जमत नाही. येथे शब्द थांबतात. उरलेले सारे गिटार सांगते. जेमतेम विशीतल्या मुलाने स्वतःचा निवाडा गाता गाता असा मागे घ्यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्याच्या उच्चारांकडेही लक्ष दे. अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या बँडांवर त्याने एक गाणेच रचले आहे, आणि स्वतः तो शेफिल्डच्या बोलीत गातो. 'मार्डी बम'मधला 'मार्डी' हा इंग्लंडच्या उत्तर आणि मध्य भागांतल्या बोलीतला शब्द आहे. फुरंगटून बसणाऱ्या माणसासाठी तो वापरतात. पहिल्या खेपेस बरेच शब्द निसटतील, म्हणून गीतांचे शब्द समोर ठेवूनच ऐक.

अल्बमच्या मध्यावर काही गाणी एकाच वेगाने धावतात, हे माझे मत मात्र कायम आहे, आणि तुलाही तसे वाटले तर तू ते निःसंकोच लिही. तो वेग पुढे त्यांनी स्वतःच सोडला: २००९च्या 'हम्बग'मध्ये जॉश होमी या अमेरिकन रॉक संगीतकाराच्या साथीने त्यांनी जड, गडद वळण घेतले.

लेखातला तुझा पहिला संशय खोडू नकोस. त्याच्याखाली तारीख घाल, आणि पुढच्या मसुद्यात त्या शेवटच्या गाण्यातल्या गिटारविषयी तुझे काय मत झाले, ते मला सविस्तर कळव.

तुझा शुभचिंतक