जी-पोएम किती टिकतं ते नंतर, आधी स्कॅन नीट करून घ्या

तुमची पोस्ट वाचताना 'दीड तासाचा स्कॅन, रिकामं होण्याचा वेग थोडा मंद' या ओळीवरच अडकलो (स्कॅन म्हणजे खाल्लेलं अन्न पोटातून किती वेगाने पुढे सरकतं ते बघणारी तपासणी). पोट उशिरा रिकामं होतं म्हणून जी-पोएम (तोंडातून दुर्बीण घालून पोटाच्या खालच्या दाराचा स्नायू कापणं) करायचं ठरतंय आणि फायदा चार-पाच वर्षं टिकेल का, हा तुमचा प्रश्न. त्याआधी स्कॅनबद्दल बोलू.

माझाही स्कॅन एका केंद्रात दीड तासातच गुंडाळला होता. रिपोर्टवर 'नॉर्मल', मग पुढचा प्रत्येक डॉक्टर तो कागद बघून 'टेन्शन घेऊ नका' म्हणायचा. रात्रीचं जेवण सकाळी जसंच्या तसं उलटून पडायचं, त्याचं काय? चार तासांचा स्कॅन मागितला तर काउंटरवर उत्तर मिळालं, 'आमच्याकडे एवढाच होतो.' त्या एका कागदाने माझी उमेदीची वर्षं खाल्ली. अजून डोकं फिरतं.

घन अन्न देऊन चार तास बघायचं असतं. तेव्हा १० टक्क्यांहून जास्त अन्न पोटात उरलं तर त्याला पोट उशिरा रिकामं होणं म्हणतात. दीड तासावरून 'आहे' म्हणणंही कच्चं आणि 'नाही' म्हणणंही. ओपिओइड (अफूच्या जातीची) वेदनाशामकं किंवा जीएलपी-१ गटातलं (मधुमेह आणि वजनासाठी देतात ते) औषध चालू असेल, किंवा त्या दिवशी साखर खूप चढलेली असेल, तरी आकडा बिघडतो. औषधं मनाने बंद करू नका, विचारून करा.

आता टिकण्याचं. माणसावर जी-पोएम पहिल्यांदा झालं २०१३ मध्ये, म्हणजे फार जुना अनुभव कुणाकडेच नाही. २०२२ च्या एका चाचणीत (रुग्ण फक्त ४१) सहा महिन्यांनी ७१ टक्क्यांना फायदा दिसला, खोटी प्रक्रिया (तुलनेसाठी, स्नायू न कापता) केलेल्यांत २२ टक्क्यांना. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, अनेक केंद्रांच्या अभ्यासात वर्षभराने ५६ टक्के. पुढे काहींचा त्रास परत येतो. यात नवल नाही: पायलोरसचा (पोटाच्या खालच्या दाराचा) स्नायू कापून दार सैल होतं, आतून ढकलणारं पोट दुबळंच राहतं. माझ्या मते मुख्य त्रास उलट्यांचा असेल तर आशा धरा; नुसती पोटदुखी असेल तर दहादा विचार करा. मी डॉक्टर नाही, हे धरूनच वाचा.

आणि इन्सुलिन घेत असाल तर प्रक्रियेनंतर त्याच्या वेळा नव्याने बसवून घ्या. अन्न लवकर खाली उतरायला लागलं की जेवणानंतर साखर पूर्वीपेक्षा लवकर चढते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.